रात्रीच्या स्लीपर बसमध्ये दोन चालक असले म्हणजे पुरेसे आहे का?

पैनगंगा यांचा प्रश्न:

माझे आईवडील यवतमाळला राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. रेल्वेने यायचे तर त्यांना आधी धामणगाव किंवा बडनेरा गाठावे लागते, त्यामुळे गेली अनेक वर्षे त्यांचे येणे-जाणे खाजगी ट्रॅव्हल्सच्या रात्रीच्या स्लीपर गाडीनेच होते. दिवाळीनंतरच्या खेपेस मी स्वतः त्यांच्याबरोबर होते. आरक्षण करताना गाडीवर दोन चालक असतील असे सांगण्यात आले होते आणि दोघे खरोखरच होतेही. तरीसुद्धा पहाटे साडेतीनच्या सुमारास गाडी डावीकडे सरकून कडेच्या पट्टीवरून गेल्याचा खडखडाट जाणवला, म्हणून मी उठून केबिनचा पडदा सारला. चालकाने शेजारची काच पूर्ण खाली केली होती, गार वारा त्याच्या तोंडावर येत होता, गाणी मोठ्याने लावलेली होती आणि तो दर थोड्या वेळाने मान झटकून डोळे चोळत होता. दुसरा चालक मागच्या बाकड्यावर पाय पोटाशी घेऊन गाढ झोपला होता. क्लीनरला विचारले तेव्हा ‘ताई, हे रोजचंच आहे, तुम्ही बिनघोर झोपा’ एवढेच उत्तर मिळाले.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे, की चालकाने सलग किती तास गाडी चालवावी याविषयी आपल्याकडे काही कायदा आहे का, दोन चालक असणे एवढी खबरदारी पुरेशी मानावी का, आणि माझ्यासारख्या प्रवाशाला गाडी निवडताना किंवा प्रत्यक्ष प्रवासात काय करता येण्यासारखे आहे? ‘देवावर भरवसा ठेवा’ यापलीकडचे उत्तर अपेक्षित आहे.

आगारवाला यांचे उत्तर:

मी एसटीच्या वाहतूक शाखेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे कायद्याच्या भागाचे उत्तर मी देतो. मोटार परिवहन कामगार अधिनियम हा १९६१ चा आहे. त्यानुसार चालकाचे काम दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त असू नये. लांब पल्ल्याच्या मार्गांसाठी, तसेच सणासुदीच्या काळासाठी, परवानगीने ही मर्यादा वाढवता येते, पण तीही दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांच्या पुढे कोणत्याही परिस्थितीत नेता येत नाही. सलग ५ तास काम झाले की किमान अर्धा तास विश्रांती, आणि एका दिवसाची ड्युटी संपून दुसऱ्या दिवसाची सुरू होईपर्यंत मध्ये सलग ९ तासांची मोकळीक, अशीही तरतूद आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९१ मध्ये याच मर्यादांचा आधार घेतलेला आहे. १९६१ चा हा अधिनियम आता २०२० च्या श्रमसंहितेत सामावून घेण्यात आला आहे, तरी कामाचे तास मोजण्यामागची कल्पना जुनीच आहे.

यातली एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कायद्यात ‘कामाचे तास’ म्हणजे केवळ स्टिअरिंगवर बसलेले तास नव्हेत. गाडी ताब्यात घेणे, ती परत जमा करणे, डिझेल भरणे, हिशोब देणे हे सारे सहायक काम म्हणून त्यातच मोजले जाते. एसटीत निदान कागदावर तरी हा हिशोब पाळावा लागतो, कारण लॉगशीट असते, ड्युटी लावणारा माणूस वेगळा असतो आणि आठ तासांवर काम झाले की अतिकालिक भत्ता द्यावा लागत असल्याने खुद्द महामंडळालाच चालकाचे तास वाढणे परवडत नाही. रातराणीसारख्या लांबच्या अनेक गाड्यांवर मधल्या आगारात चालक बदलतो. उतरलेला चालक तिथल्या विश्रांतीगृहात झोपतो आणि दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेची गाडी घेऊन परततो. त्या विश्रांतीगृहांत ढेकूण, डास आणि बंद पंखे यांचे राज्य असे, हेही मी नाकारत नाही. सुट्ट्यांच्या हंगामात चालकांना डबल ड्युटी करायला लावण्याचे प्रकार आमच्याकडेही घडत, आणि आगारप्रमुखाचे फोन चालू झाले की नियमांची पुस्तके आपोआप मिटत.

खाजगी गाड्यांच्या बाबतीत अडचण अशी आहे की पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच १९६१ चा अधिनियम लागू होत असे. ज्याच्या एक-दोन गाड्या आहेत असा मालक त्यातून सहज निसटत असे. मोठ्या मालकाच्या बाबतीत तपासायचे म्हटले तरी चालक रोजंदारीवर किंवा फेरीमागे ठरलेल्या रकमेवर असल्याने कोण कधी कामावर चढला याची नोंदच सापडत नाही.

हायवेकर यांचे उत्तर:

सगळा दोष चालकावर आणि मालकावर टाकण्यापूर्वी रस्त्याचाही विचार व्हावा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. वळण नाही, गाव नाही, सिग्नल नाही, समोरून अंगावर येणारे वाहन नाही. अशा रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू गुंगतो, याला महामार्ग संमोहन म्हणतात आणि त्याची चर्चा हा रस्ता सुरू झाल्यापासून चालू आहे. पूर्वी बीड, जालना, मेहकरमार्गे खड्डे चुकवत जाणारा चालक झोपूच शकत नसे.

आगारवाला यांचे उत्तर:

हायवेकर, रस्ता एकसुरी आहे हे खरे, पण तो पुरेशी झोप झालेल्या चालकाला कंटाळा आणतो आणि झोप न झालेल्याला झोपवतो. नाशिकजवळ नांदूर नाक्यावर ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे जो अपघात झाला त्यातली बस यवतमाळहूनच मुंबईला निघालेली होती; ट्रकशी धडक होऊन ती पेटली आणि १२ जणांचा मृत्यू झाला. ती जागा समृद्धीवर नव्हती आणि समृद्धीचा पहिला टप्पा खुला झाला तोही त्यानंतर, ११ डिसेंबर २०२२ रोजी. त्या अपघाताचे कारण मी झोप आहे असे म्हणत नाही. रात्रभर चाललेली गाडी पहाटेच्या वेळी अडचणीत सापडते हा अनुभव मात्र रस्त्यापेक्षा बराच जुना आहे.

संगमवाडी यांचे उत्तर:

मी पुण्यात ट्रॅव्हल्सच्या बुकिंग कार्यालयात बरीच वर्षे काम केले आणि आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे थोडे मोकळेपणाने लिहितो. पैनगंगा यांनी पाहिलेले दृश्य समजून घ्यायचे असेल तर रात्री साडेतीनला काय चालले होते हे बाजूला ठेवून त्या चालकाचा आदला दिवस पाहावा लागेल.

विदर्भातून सुटलेली गाडी पुण्यात सकाळी सात ते नऊच्या दरम्यान पोचते. वाघोली, खराडी, शिवाजीनगर, वाकड, निगडी असे करत शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत कधी कधी दहा वाजतात. त्यानंतर डिकीतली पार्सले उतरवून द्यायची असतात. प्रवासी भाड्याइतकेच, कधी त्याहूनही अधिक उत्पन्न या पार्सलमधून मिळते, त्यामुळे तिथे घाई चालत नाही. मोटारीचे सुटे भाग, कापडाचे गठ्ठे, आंब्याच्या पेट्या, सगळे मोजून द्यावे लागते. मग गाडी पार्किंगला लावायची, धुवायची, चादरी बदलायच्या, एसीची काही तक्रार असेल तर मेकॅनिकला गाठायचे. चालक आंघोळ करून जेवतो तेव्हा दुपारचे बारा-साडेबारा होतात. झोपायला जागा म्हणजे तीच गाडी. एसी बंद, कारण इंजिन चालू ठेवले तर डिझेल जळते. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या त्या डब्यात दुपारी वरच्या बर्थवर हातही ठेवता येत नाही, म्हणून कित्येक चालक गाडीच्या खाली सावलीत सतरंजी टाकून पडतात किंवा उघड्या डिकीत झोपतात. चार वाजता मालकाचा फोन येतो, कारण पाचला निगडीहून पहिली पिकअप असते. मध्ये मिळालेली झोप तीन तासांची, आणि तीही शेजारच्या गाडीचा हॉर्न, विक्रेते आणि माश्या यांच्या संगतीतली.

इथून पुढचा भाग प्रवाशांना दिसतो, पण त्याचा अर्थ लागत नाही. निगडीपासून वाघोली ओलांडेपर्यंत संध्याकाळच्या गर्दीत अडीच-तीन तास सहज जातात. क्लच आणि ब्रेक यांवरच हे तास निघतात आणि चालकाचे अर्धे बळ तिथेच संपते. गाडी अहिल्यानगरच्या रस्त्याला लागली की प्रवासी समजतात, आता प्रवास सुरू झाला. चालकाच्या दृष्टीने मात्र त्या दिवसाचा एक तृतीयांश भाग उलटून गेलेला असतो.

आता दोन चालकांविषयी. बऱ्याच गाड्यांवर दोघांमध्ये एक मुख्य असतो आणि दुसरा नवशिका किंवा क्लीनरमधून वर आलेला असतो. मालकाचा आणि स्वतः मुख्य चालकाचाही दुसऱ्यावर पुरता विश्वास नसतो, म्हणून शहरातली गर्दी, घाट आणि पाऊस हे मुख्य चालकाकडे येते, आणि दुसऱ्याला मोकळ्या रस्त्यावरचे एक-दोन तास मिळतात. काही ठिकाणी उलटे घडते. ज्येष्ठ चालक जेवणाच्या ढाब्यानंतर मागे जाऊन झोपतो आणि मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंतचा सगळ्यात वाईट पट्टा कनिष्ठाच्या गळ्यात पडतो. पैनगंगा यांच्या गाडीत बहुधा हेच चालले होते. मुख्य म्हणजे दोघेही दिवसभर त्याच पार्किंगमध्ये, त्याच उन्हात होते. तिकिटावर दोन चालक लिहिले म्हणून त्यांच्यापैकी कोणी नीट झोपला होता असे होत नाही.

दिवाळीत तर फेरीमागे जास्त पैसे मिळत असल्याने चालक स्वतःहून एकही फेरी सोडत नाहीत. चार पैसे कमावण्याचे ते पंधरा दिवस असतात आणि त्यांच्या घरीही दिवाळी असते, याबद्दल त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. ज्या मालकाला त्याच गाडीसाठी चालकांची वेगळी जोडी ठेवता येते आणि जो ती ठेवत नाही, त्याला दोष द्यायला मात्र मी तयार आहे.

रातपाळी यांचे उत्तर:

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि झोपेच्या विकारांचे रुग्ण पाहतो. संगमवाडी यांनी जे वर्णन केले ते वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर अधिकच अस्वस्थ करणारे आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की सलग १७ तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांचा मेळ लागणाऱ्या कामात तितकाच कच्चा ठरतो, जितका रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेला माणूस ठरतो. भारतात वाहनचालकासाठी कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. थोडक्यात, सकाळी सातला उठून दुपारी न झोपता मध्यरात्रीपर्यंत जागा राहिलेला चालक दारूचा थेंबही न घेता त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेला पोचलेला असतो.

शरीराच्या घड्याळानुसार रात्री दोन ते सहा आणि काही प्रमाणात दुपारी दोन ते चार या वेळांत झोपेची ओढ सर्वाधिक असते. ती इच्छाशक्तीने थोपवता येत नाही. डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद बंद पडतो आणि त्या माणसाला ते कळतही नाही. ‘मी झोपलो नव्हतो’ असे अपघातानंतर चालक सांगतो तेव्हा तो नेहमीच खोटे बोलत असतो असे नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने चाललेली बस अशा चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर अंतर कापते. काच उघडणे, गाणी लावणे, तंबाखू मळणे, तोंडावर पाणी मारणे यांनी काही मिनिटे बरे वाटते, त्यापलीकडे उपयोग नाही. चहा-कॉफीचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो. उपयोगी पडते ती झोपच, आणि गाडी बाजूला लावून घेतलेली १५-२० मिनिटांची डुलकीसुद्धा त्या अवस्थेत बरेच काही करते.

आणखी एक गोष्ट. मोठ्याने घोरणारे, मान जाड आणि पोट सुटलेले कितीतरी चालक माझ्याकडे रक्तदाबासाठी येतात आणि चौकशी केल्यावर कळते की त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे. असा माणूस आठ तास झोपला तरी थकलेलाच उठतो. परवान्यासाठीच्या वैद्यकीय तपासणीत दृष्टी पाहिली जाते. घोरण्याविषयी कोणी विचारत नाही.

हायवेकर यांचे उत्तर:

हे पटले, पण मग सरकारी आकडेवारीत हे दिसत का नाही? तिथे सगळा भर अतिवेगावर असतो.

रातपाळी यांचे उत्तर:

कारण दारू रक्ताच्या तपासणीत सापडते आणि वेग खुणांवरून किंवा यंत्रावरून काढता येतो, पण अपघातानंतर झोप मोजण्याची तपासणीच नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात अतिवेग, मद्यप्राशन, चुकीच्या बाजूने वाहन चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइलचा वापर असे रकाने असतात आणि उरलेले सगळे ‘इतर’मध्ये जाते. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य येते तेथे आपण थोडे थांबून पाहावे. ब्रेकच्या खुणा नसणे, समोर दुसरे वाहन नसताना गाडी दुभाजकावर किंवा खांबावर जाणे, अथवा उभ्या ट्रकला मागून सरळ धडकणे, ही चालक झोपी गेल्याची ठळक लक्षणे आहेत. सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ रोजी रात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली बस दुभाजकावर आदळून उलटली, पेटली आणि २५ जणांचा जीव गेला, तेव्हा प्रथम टायर फुटल्याचा दावा करण्यात आला होता. परिवहन विभागाच्या पाहणीत त्याला दुजोरा मिळाला नाही. डुलकी लागल्याचा संशय व्यक्त झाला, नंतर मद्यांशाच्या बातम्या आल्या आणि सगळी चर्चा तिकडे वळली, कारण तिथे दाखवण्यासारखा आकडा होता. तो चालक किती तासांपूर्वी झोपून उठला होता, हा प्रश्न चर्चेत मागेच पडला.

ऱ्हाइनकाठ यांचे उत्तर:

मी मूळचा अकोल्याचा, सध्या जर्मनीत राहतो. इथे युरोपीय संघाचा २००६ चा नियम लागू आहे: साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटे विश्रांती, दिवसाला ९ तास (आठवड्यातून दोनदा १०), आणि सलग दोन आठवड्यांत मिळून ९० तासांपेक्षा जास्त नाही. चालकाला स्वतःचे कार्ड गाडीतल्या नोंदयंत्रात घालावे लागते आणि पोलीस ते रस्त्यावर तपासतात. या धाग्याशी सगळ्यात जवळचा भाग असा, की दोन चालक असलेल्या गाडीतही चालत्या गाडीत घेतलेली झोप ही दैनंदिन विश्रांती म्हणून धरली जात नाही. त्यासाठी गाडी उभी असावी लागते आणि झोपण्याची योग्य सोय असावी लागते. इथेही पळवाटा काढणारे आहेत, पण निदान पकडण्यासाठी काहीतरी हातात असते. भारतात प्रवासी वाहनांना स्थाननिदर्शक यंत्र सक्तीचे आहे, म्हणजे गाडी कुठे होती हे कळते. चालवत कोण होते हे त्यातून कळत नाही.

पैनगंगा यांचे उत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. यंत्रणा बदलण्याची वाट पाहणे मला शक्य नाही. आईवडिलांना पुढच्या महिन्यात पुन्हा यायचे आहे. संगमवाडी, आपण आतून पाहिले आहे, तर गाडी निवडताना नेमके काय पाहावे हे सांगाल का? आणि त्या रात्रीसारखा प्रसंग आलाच तर आईवडिलांनी काय करावे? वडील भिडस्त आहेत, चालकाला काही बोलणार नाहीत.

संगमवाडी यांचे उत्तर:

बुकिंग कार्यालयात फोन करून ‘चालक किती’ असे विचारू नका, उत्तर ठरलेले असते. ‘ही गाडी आज सकाळी कुठून आली आणि किती वाजता पोचली’ असे विचारा. ज्या मार्गावर मालकाच्या अनेक गाड्या आहेत, तिथे सकाळी आलेली गाडी संध्याकाळी दुसरी जोडी घेऊन जाते का, हेही विचारता येते. जिथे ही पद्धत आहे तिथला माणूस ते अभिमानाने सांगतो, आणि जिथे नाही तिथे विषय एसी आणि पाण्याच्या बाटलीकडे वळतो. हल्ली निघण्याच्या काही तास आधी गाडीचा क्रमांक संदेशाने येतो. बहुतेक ठिकाणी गाडी आणि चालक यांची जोडी पक्की असते, त्यामुळे तीच गाडी त्या दिवशी वाहतूक कोंडीत अडकून दुपारी बाराला पोचली असेल तर तिचे चालक झोपलेले नाहीत असे खुशाल समजावे. अशा दिवशी मी माझ्या घरच्या माणसांना तिकीट रद्द करायला सांगत असे. पैसे जात, पण कार्यालयात बसून मला ते कळत होते आणि इतर प्रवाशांना कळत नव्हते, ही गोष्ट मला खात राहिली.

दिवाळीनंतरचा आठवडा आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार शक्य असेल तर टाळावेत. एसटीची गाडी मिळत असेल आणि मधल्या आगारात चालक बदलत असेल तर थोडी गैरसोय सोसून ती घ्यावी, असे माझे मत आहे. दिवसाच्या प्रवासाचाही विचार करा. ज्येष्ठांना बसून प्रवास जड जातो, पण मध्ये छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून दोन टप्प्यांत येता येते.

प्रत्यक्ष गाडीत चालक पेंगताना दिसला तर वडिलांनी त्याला झोपेविषयी काहीच बोलू नये. तो चिडतो आणि वेग वाढवतो. ‘लघवीला जायचे आहे, पुढच्या पंपावर गाडी थांबवा’ एवढेच क्लीनरला सांगावे. वयस्क माणसाने असे सांगितल्यावर नाही म्हणणारा क्लीनर मी पाहिलेला नाही. गाडी थांबली की आणखी दोन-चार प्रवासी आपोआप उतरतात, चहा होतो, आणि त्या वेळी सर्वांनी मिळून दुसऱ्या चालकाला उठवण्याची मागणी केली तर ती मान्य होते. चालकाने ऐकलेच नाही तर तिकिटावरच्या कार्यालयाच्या क्रमांकावर फोन करावा आणि तिथे कोणी उचलला नाही तर ११२ वर गाडीचा क्रमांक व जवळचा टोलनाका सांगावा.

रातपाळी यांचे उत्तर:

यात एवढीच भर घालतो, की दुसऱ्या चालकाला उठवल्यावर लगेच स्टिअरिंगवर बसू देऊ नये. गाढ झोपेतून एकदम उठलेला माणूस पहिली पंधरा-वीस मिनिटे, कधी अर्धा तासही, सुस्तच असतो. त्याला तोंड धुऊ द्यावे, चहा घेऊ द्यावा, गाडीभोवती एक फेरी मारून टायर पाहू द्यावेत, आणि प्रवाशांनी तेवढा वेळ उशिराची तक्रार करू नये.